'मान्यता देणार' कोण?

जमिनीच्या खरेदीखतात मुळात दोनच पक्ष असतात. विकणारा तो 'लिहून देणार' आणि विकत घेणारा तो 'लिहून घेणार'. दस्तांची ही भाषा पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. परंतु मीरा-भाईंदर परिसरातील जमिनींचे दस्त चाळू लागले, म्हणजे या दोघांच्या मध्ये ठिकठिकाणी एक तिसरे नाव बसलेले आढळते. त्याच्यापुढे लिहिलेले असते, 'मान्यता देणार'. जमीन त्याच्या मालकीची नाही, सातबारावर त्याचे नाव कधी चढलेले नाही. त्याने तिथे खाडीचे पाणी अडविण्यासाठी बांध घातला नाही, मिठागरात पाय बुडविले नाहीत, आणि उद्या तिथे इमारतही तो बांधणार नाही. तरीही त्याने मान्यता दिल्यावाचून मालकाला स्वतःची जमीन विकता येत नाही. या मान्यतेचा मोबदला कित्येकदा मालकाच्या पदरी पडलेल्या रकमेच्या बरोबरीला येऊन ठेपतो. हा तिसरा गृहस्थ कोण, तो काय करतो आणि त्याच्याविषयी आपल्या पक्षाची भूमिका काय असावी, याचा विचार आता टाळता येणार नाही. टाळता येत नाही याचे एक कारण असे, की हा गृहस्थ नेहमीच परका असतो असे नाही. कधीकधी तो आपल्या सभेत पुढच्या रांगेत बसलेला असतो.

या धंद्याची रीत साधी आहे. समजा, एका शेतकऱ्याची वीस गुंठे जमीन आहे. मध्यस्थ त्याच्याशी एक कोटीचा सौदा ठरवितो, दोन लाख रुपये विसार देतो आणि साठेखत व कुलमुखत्यारपत्र करून घेतो. उरलेली रक्कम 'कागद पुरे झाल्यावर' द्यावयाची असते. मग हा मध्यस्थ तोच कागद घेऊन बिल्डरकडे जातो आणि एक कोटी ऐंशी लाखांना सौदा करतो. खरेदीच्या दिवशी शेतकऱ्याला त्याचे ठरलेले पैसे मिळतात, बिल्डरला जमीन मिळते आणि मधल्या माणसाला दोन लाखांवर ऐंशी लाख मिळतात. त्याने विकली ती जमीन नव्हे, जमीन विकत घेण्याचा हक्क विकला. अमेरिकेत या व्यवहाराला 'होलसेलिंग' असे भारदस्त नाव आहे. तेथे वृद्ध व गरजू घरमालकांकडून असे करार लिहून घेतले जाऊ लागले, तेव्हा २०१९ मध्ये इलिनॉय आणि २०२१ मध्ये ओक्लाहोमा या राज्यांना त्यावर कायद्याने बंधने घालावी लागली. आपल्याकडे या धंद्याला स्वतंत्र नाव नाही. 'जमिनीची कामे करतो', एवढे सांगितले की ऐकणाराला सारे उमगते.

मीरा-भाईंदरमध्ये हा धंदा फोफावला, त्याला कारणे आहेत. नवघर, गोडदेव, खारी, मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी, उत्तन, काशी, घोडबंदर ही मुळात भातशेतीची, मिठाची आणि मासेमारीची गावे. मुंबईच्या हद्दीबाहेर पाऊल टाकताच स्वस्त घर मिळते म्हणून गिरणीतला, कचेरीतला आणि फेरीवाला माणूस येथे येऊ लागला. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांवर पोचली. वीस वर्षांत वस्ती साडेचारपटीहून अधिक वाढते, तेथे जमिनीचा भाव कोणाच्या कर्तृत्वाने वाढतो, हा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊ.

दुसरे कारण कायद्याचे. १९४८ च्या कुळकायद्याने बिगरशेतकऱ्याच्या शेतजमीन खरेदीवर निर्बंध घातले, कुळकायद्याने मिळालेली जमीन विकण्यास जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक केली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने अतिरिक्त जमिनीवर मर्यादा आणली. या कायद्यांचा हेतू जमीन कसणाराच्या आणि समाजाच्या हाती राहावी हा होता. मात्र सरळ खरेदीचा दरवाजा अडला, तेव्हा साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र ही चोरवाट रुळली. जमीन कागदोपत्री शेतकऱ्याचीच, पण तिचा हक्क मात्र हातोहात फिरू लागला. त्यात या गावांचा इतिहासच गुंतागुंतीचा. भाईंदर, मिरे आणि घोडबंदर येथील जमिनींचा १८७० मधील ९९९ वर्षांचा पट्टा आणि त्याच्या आधारे इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनी सांगत आलेला हक्क यांवरून येथे वर्षानुवर्षे वाद चालले. हक्क जितका धूसर, तितका मालक भयभीत आणि जितका मालक भयभीत, तितका मध्यस्थ आवश्यक! 'कागद मी निस्तरतो' हे त्याचे पहिले वाक्य असते. अज्ञान आणि धास्ती हेच त्याचे खरे भांडवल असते, विसाराचे दोन लाख हे केवळ निमित्त.

या धंद्यातील जाणत्या मंडळींना अलीकडे आपल्या प्रतिष्ठेची चिंता वाटू लागली आहे. त्यांचे म्हणणे असे, की चार वाईट माणसांनी धंद्याचे नाव घालविले आहे, वेळेवर पैसे द्यावेत, खोटे कागद करू नयेत, एकच जमीन दोघांना विकू नये, एवढी आचारसंहिता पाळली तर या कामात गैर काही नाही. त्यांचा युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी रोकड आजच हवी असते आणि बिल्डर त्याच्या दारी येत नाही. आठ भावंडांच्या सह्या गोळा करणे, वासरीला किंवा उरणला दिलेल्या बहिणींची हक्कसोडपत्रे घेणे, तलाठ्याकडून फेरफार करून आणणे ही कामे कोणीतरी करावयाचीच असतात. ती आम्ही करतो, धोका पत्करतो आणि त्याचा मोबदला घेतो. यात पाप ते कोणते?

याचे उत्तर असे. काम करणाराला मेहनताना मिळाला पाहिजे, याविषयी समाजवाद्यांचा वाद नाही. दोन्ही पक्षांना खरा भाव सांगून, ठरलेली दलाली उघडपणे घेणारा दलाल आणि हा मध्यस्थ यांत आम्ही फरक करतो. दलाल आपल्या श्रमाचे पैसे घेतो. हा मात्र दोन भावांमधील अंतर खातो आणि ते अंतर टिकते ते एकाच अटीवर, की विकणाराला घेणाराचा भाव कळता कामा नये. कसोटी अगदी सोपी आहे. शेतकऱ्याकडून एक कोटीचे साठेखत करून घेताना मध्यस्थाने त्याला सांगावे, 'बाबा, हीच जमीन मी एक कोटी ऐंशी लाखांना देणार आहे.' असे सांगून तो सौदा करू शकत असेल, तर त्याचा धंदा निर्मळ आहे. ज्या क्षणी तो असे सांगेल, त्याच क्षणी त्याच्या हाती फार तर दलाली उरेल. म्हणजेच या नफ्याचा आधार श्रम नाही, लपवाछपवी आहे. ज्या धंद्याचा नफाच दुसऱ्याच्या अज्ञानावर उभा आहे, त्याला चार सज्जन माणसे प्रतिष्ठा मिळवून देऊ शकत नाहीत. त्याचे नाव वाईट माणसांनी खराब केलेले नाही. त्याच्या रीतीनेच ते खराब केले आहे.

आपल्या वाचकांना धान्यबाजारातील रुमालाखालचा सौदा ठाऊक आहे. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाची हालचाल पाहत बसे. शेतकरी चळवळीने त्याविरुद्ध आवाज उठविला आणि बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलावाचे तत्त्व आणले. त्या वेळीही अडते म्हणत होते, आम्ही सेवा करतो, धोका घेतो! भाताच्या पोत्याचा सौदा रुमालाखाली होऊ नये असे आपण ठरविले आणि ज्या शेतात ते भात पिकते, त्या शेताचा सौदा मात्र आजही रुमालाखालीच चालू द्यावा, हा कोठला न्याय?

आता धोका पत्करण्याविषयी. बिल्डर मिळाला नाही, तर मध्यस्थाचे फार तर दोन लाख बुडतात. शेतकऱ्याची मात्र जमीन अडकते. मुदत उलटून गेल्यावर शेतकऱ्याने दुसरे गिऱ्हाईक पाहिले, की मध्यस्थ दिवाणी न्यायालयात करारपूर्तीचा दावा दाखल करतो आणि प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदवून ठेवतो. मग त्या जमिनीला दुसरे कोणी हात लावीत नाही. दावा किती वर्षे चालेल, हे कोणी सांगावे? शेवटी थकलेला शेतकरीच तडजोडीला येतो. दोन लाखांत दुसऱ्याच्या कोटीच्या मालमत्तेला कुलूप लावता येत असेल, तर धोका नेमका कोणी पत्करला?

कायदा या बाबतीत कोणाच्या बाजूने उभा आहे, हेही पाहिले पाहिजे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने स्पष्ट म्हटले आहे, की विक्रीच्या कराराने मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप खटल्यात साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या साहाय्याने होणारी 'विक्री' ही विक्रीच नव्हे, असा निर्वाळा दिला. परंतु २०१८ मध्ये विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने उलट दिशेने पाऊल टाकले. त्यापूर्वी कराराने एका पक्षाला गैरवाजवी फायदा मिळत असेल किंवा दुसऱ्यावर अनपेक्षित संकट कोसळत असेल, तर करारपूर्तीचा हुकूम नाकारण्याचा विवेकाधिकार न्यायालयाला होता. दुर्बळाच्या हातातील ती ढाल होती. 'व्यवसायसुलभते'च्या नावाखाली ती काढून घेतली गेली. व्यवसाय कोणाचा सुलभ झाला, हे सांगावयास नको.

राज्य सरकारचे वर्तनही याच जातीचे. बिल्डरकडून सदनिका नोंदवून तो करार पुढे विकणाऱ्या 'गुंतवणूकदारा'ला मुद्रांक शुल्कात सवलत मिळते. त्याने भरलेले शुल्क पुढील व्यवहाराच्या शुल्कात वळते करून घेता येते. या सवलतीची मुदत एक वर्षाची होती, २०२२ मध्ये ती तीन वर्षांची करण्यात आली. मीरा रोडला एक खोलीचे घर राहण्यासाठी घेणाऱ्या कामगाराला पै न् पै मुद्रांक शुल्क भरावे लागते आणि राहण्यासाठी नव्हे तर फिरविण्यासाठी घेणाऱ्याला सवलत! २०१६ च्या रेरा कायद्याने प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची केली, हे चांगलेच झाले. परंतु शेतकऱ्याच्या जमिनीचे साठेखत करून घेणारा मध्यस्थ त्या कायद्याच्या जाळ्यात सापडत नाही. तो दलाल नाहीच मुळी, तो तर करारातील पक्ष आहे!

आणि हा भाव वाढतो कशाने? शेतकऱ्याने वाढविला नाही, मध्यस्थाने तर नाहीच नाही. उपनगरी रेल्वे सरकारने चालविली, रस्ते व पाणी करदात्यांच्या पैशातून आले. दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रो ९ चे काम २०१९ मध्ये सुरू झाले, तेही सार्वजनिक पैशातूनच. लाखो माणसांनी येथे संसार थाटले म्हणून या चिखलाला सोन्याचे मोल आले. जॉन स्टुअर्ट मिलने या प्रकारच्या वाढीला अनर्जित वाढ म्हटले आणि तिच्यावर समाजाचा हक्क सांगितला. मिल काही समाजसत्तेचा कडवा पुरस्कर्ता नव्हता. डॉ. लोहियांनी 'दाम बांधो'चा आग्रह धरला, त्यामागेही हाच विचार होता की उत्पादनाशी संबंध नसलेल्या माणसाने मधल्या मध्ये भाव चढवीत राहू नये. समाजाने निर्माण केलेले मूल्य एखाद्याने विसाराच्या पावतीवर उचलून न्यावे, आणि त्याचा बोजा शेवटी घर घेणाऱ्याच्या हप्त्यात चढावा, ही गोष्ट समाजवाद्यांना केवळ व्यवहारचातुर्य म्हणून खपवून घेता येणार नाही.

येथे कोणी विचारील, कायदे करून काय झाले? कमाल धारणा कायद्याचे काय झाले ते आठवा. प्रश्न रास्त आहे. त्या कायद्याच्या कलम २० खाली दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याच्या अटीवर जमिनींना सूट दिली जाई. त्या सवलतीचा लाभ खरोखर दुर्बळांपर्यंत पोचावा म्हणून १९९० मध्ये शांतिस्टार बिल्डर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला दंडक घालून द्यावे लागले, आणि त्याच निकालात निवाऱ्याचा संबंध जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला गेला. महाराष्ट्राने २००७ मध्ये हा कायदा रद्द करण्याचा मार्ग पत्करला. पुढे २०१६ मध्ये मीरा-भाईंदरमधील जमिनींसाठी या कायद्याखालील बनावट दाखले वापरल्याचा गुन्हा दाखल झाला आणि काही अधिकाऱ्यांना अटकही झाली. यावरून कायदाच निरुपयोगी होता असा निष्कर्ष काढणे हे चोरी झाली म्हणून दारच काढून टाकण्यासारखे आहे. त्याच कायद्याचा आधार घेऊन गोरेगावात मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली आणि दिंडोशीला सहा हजारांवर कुटुंबांना परवडणारी घरे मिळवून दिली. कायदा तोच, शहर तेच, दहिसरची खाडी ओलांडली की भाईंदर. फरक पडला तो कायद्यामागे लोकसंघटना उभी होती की नव्हती, याचा.

म्हणून आता आपल्या घरात डोकावणे प्राप्त आहे. गावठाणात कार्यकर्त्याचा शब्द चालतो. रेशनकार्ड, पाण्याचा नळ, पोलीस चौकी अशा कामांतून त्याने विश्वास मिळविलेला असतो. नेमका हाच विश्वास मध्यस्थाला हवा असतो. तो कार्यकर्त्याला म्हणतो, 'तुम्ही फक्त सोबत या, म्हातारा तुमचे ऐकेल.' एक फेरी होते, दुसरी होते, आणि एके दिवशी दस्तात 'मान्यता देणार' म्हणून कार्यकर्त्याचे किंवा त्याच्या मेहुण्याचे नाव झळकते. कार्यालयाचे भाडे त्यातून निघते, मेळाव्याचा मंडप त्यातून उभा राहतो आणि आपण सारे डोळे मिटून घेतो. इतर पक्षांत हे सर्रास चालते, हे उत्तर नव्हे. लोकांनी ज्या विश्वासाने आपल्याला हाक मारली, तोच विश्वास आपण त्यांच्याच जमिनीच्या सौद्यात विसार म्हणून वापरला, तर आपल्यात आणि त्या मध्यस्थात उरले काय? आपली निंदा विरोधक करतात म्हणून नव्हे, तर ती निंदा खरी ठरू नये म्हणून हे थांबले पाहिजे.

आपण काय करावे? पहिली गोष्ट, पक्षाचा कोणताही पदाधिकारी, नगरसेवक वा उमेदवार जमिनीच्या हक्काची खरेदी-विक्री करणार नाही, स्वतःच्या नावे नाही आणि आप्तांच्या नावेही नाही, असा ठराव जिल्हा शाखेने करावा आणि तो पाळता येत नसेल त्याने पद सोडावे. दुसरी गोष्ट, प्रत्येक गावठाणात आठवड्यातून एक संध्याकाळ दस्तवाचनाची बैठक ठेवावी. वकील साथींनी साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि हक्कसोडपत्र यांचा अर्थ सहीपूर्वी समजावून सांगावा. शेजारच्या जमिनीचा नोंदलेला भाव दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून काढून फळ्यावर लिहून ठेवावा. मध्यस्थाचा निम्मा धंदा त्या फळ्यानेच बसेल. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातही हाच खेळ सुरू आहे. सोसायटीकडून विकासहक्क स्वस्तात लिहून घ्यावयाचे आणि मोठ्या बिल्डरला महागात द्यावयाचे. ज्या सोसायट्यांना अद्याप जमिनीचे अभिहस्तांतरण मिळालेले नाही, त्यांना मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करावयास आपण मदत केली पाहिजे. ज्याच्या हाती स्वतःच्या जमिनीचा कागद आहे, त्याला भिवविणे कठीण असते.

तिसरी गोष्ट मागण्यांची. प्रत्येक साठेखताची नोंदणी सक्तीची व्हावी. मूळ मालकाला पुढील भाव लेखी कळविल्यावाचून कराराचा हक्क पुढे विकता येऊ नये आणि विकला तर वाढीव रकमेचा मोठा हिस्सा मालकाला मिळावा. मुदतीत खरेदी पुरी न करणाऱ्याचे साठेखत आपोआप रद्द व्हावे. फिरवाफिरवी करणाऱ्याची मुद्रांक सवलत काढून घ्यावी. सार्वजनिक खर्चाने वाढलेल्या भावातून परवडणाऱ्या घरांसाठी समाजाचा वाटा वसूल व्हावा. या मागण्यांत क्रांतिकारक असे काहीच नाही. धान्याच्या बाजाराला जो नियम लावला, तोच जमिनीच्या बाजाराला लावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मीरा-भाईंदरची बहुतेक शेते इमारतींखाली गेली, ती परत येणार नाहीत. परंतु उत्तन-डोंगरीच्या बाजूला, राई-मुर्ध्यात, घोडबंदर-चेणे परिसरात अजून जमीन आहे आणि तिच्याकडे लागलेल्या नजराही आहेत. तेथील एखादा वृद्ध उद्या साठेखतावर अंगठा उठविण्यापूर्वी आपल्यापैकी कोणाला तरी विचारील, 'साहेब, सही करू का?' त्या वेळी आपण त्याच्या बाजूला बसलेले असू की समोर, यावर या शहरातील आपल्या पक्षाची खरी किंमत ठरेल. दस्तात मान्यता कोणीही देऊ शकतो. लोकांची मान्यता मात्र विसार देऊन मिळत नाही.